मांडीवरचा केंदांग

आमच्या येहमास गावात बाईला मूल झालं की तिचं नाव मागे पडतं. कोणी मुद्दाम काढून घेत नाही. मुलाच्या नावविधीला तीन-चार नावांच्या वाती पेटवतात, जी सगळ्यात शेवटी विझेल ते नाव मुलाला मिळतं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारीण कुंपणावरून हाक मारते ती 'मेन अमुक' अशी, म्हणजे अमक्याची आई. बापाचाही 'पान अमुक' होतो म्हणा. पण बापाचं नाव गॅरेजच्या पाटीवर असतं, बंजारच्या, म्हणजे वस्तीच्या पंचायतीच्या, यादीत असतं, कोंबड्यांच्या झुंजीत पुकारलं जातं. बाईचं नाव ओळखपत्रावर उरतं, आणि ओळखपत्र कपाटात.

सुदिआनीला हे ठाऊक नव्हतं असं नाही. तिच्या वर्गातल्या बत्तीस मुलांच्या आयांना ती 'मेन'च म्हणायची. ती प्राथमिक शाळेत तिसरीला शिकवायची, पण गाव तिला ओळखायचं ते केंदांगमुळे. बायकांच्या गामेलान ताफ्यात एकंदर सव्वीस जणी. पितळी पट्ट्या वाजवणाऱ्या, घंटा वाजवणाऱ्या, मागे मोठी घंटा घेऊन बसलेली एक. आणि सगळ्यांच्या पुढे मांडीवर आडवे केंदांग घेतलेल्या दोघी. त्यातला एक ढोल नर, एक मादी. मादी जरा मोठा, आवाजाने खोल, आणि ताफा चालतो तो त्याच्या इशाऱ्यावर. तो थांबला की सव्वीस जणी थांबतात. हा मादी केंदांग आठ वर्षं सुदिआनीच्या मांडीवर होता.

त्यासाठी तिने काय काय केलं होतं ते तिलाच माहीत. ताफा नवीन होता तेव्हा बायका ढोल वाजवणार म्हणून पुरुषांना फार गंमत वाटायची. मंडपाच्या कडेला बसून ते ताल चुकला की खोकायचे. सुदिआनीने दोन वर्षं खोकला ऐकला, तिसऱ्या वर्षी तो थांबला. लग्न झालं तेव्हा तिने नवऱ्याला, आर्तानाला, एकच विचारलं होतं की तालमीचं काय. आर्ताना स्कूटर दुरुस्त करतो, बोलतो कमी. तो म्हणाला होता की तालमीला सोडायला येईन आणि आणायला येईन. सहा वर्षं तो तसं करत आला. पोटुशी असताना पोट पुढे येत गेलं तसा केंदांग गुडघ्यांकडे सरकत गेला. आठव्या महिन्यात हात पुरेनात, तेव्हा कुठे तिने तो खाली ठेवला.

सतरा मार्चला मुलगी झाली.

पहिले बेचाळीस दिवस बाळंतिणीने देवळात किंवा वाद्यांजवळ जायचं नसतं. ते सुदिआनीने निमूट पाळलं. त्रेचाळिसाव्या दिवशी ताफ्याची प्रमुख, म्हणजे बंजारच्या मुखियाची बायको म्बोक पुष्पानी (म्बोक म्हणजे ताई), केळी, अंडी आणि बाळाला नवं वस्त्र घेऊन भेटायला आली. पुष्पानी वाईट बाई नाही. अडचण हीच आहे. वाईट असती तर भांडता तरी आलं असतं. तिने बाळाच्या गालाला बोट लावलं, सुदिआनीच्या सासूशी पानसुपारी झाली, आणि जाता जाता म्हणाली, "तू आता निवांत लेकीकडे बघ. मादी केंदांग युलीकडे दिलाय. पोरगी चांगली वाजवते."

"किती दिवसांसाठी?" सुदिआनीने विचारलं.

"अगं, दिवस कसले मोजतेस? मूल मोठं होईस्तोवर. तुला कोणी घाई करणार नाही."

सुदिआनी म्हणाली की घाई मलाच आहे. जिल्ह्याची स्पर्धा चोवीस जूनला आहे, मुलीचा तीन महिन्यांचा विधी सतरा जूनला होईल, म्हणजे मध्ये सबंध आठवडा मिळतो. मी वाजवणार. पुष्पानीने मान डोलावली, लहान मूल चंद्र मागतं तेव्हा आपण डोलावतो तशी, आणि केळ्यांची रिकामी टोपली घेऊन गेली.

आता इथे सुदिआनीने काय घोटाळा केला ते सांगायला हवं, कारण असा घोटाळा आमच्याकडेच होऊ शकतो. आमच्या भिंतीवरच्या दिनदर्शिकेत एकाच चौकोनात दोन काळ राहतात. मोठ्या आकड्यांत शाळा, बँक, सरकार यांचा महिना, आणि खाली बारीक अक्षरांत आमचा स्वतःचा, पस्तीस दिवसांचा. मुलाचे तीन महिने मोजायचे ते त्या बारीक अक्षरांचे. तीन वेळा पस्तीस, एकशे पाच दिवस. तोपर्यंत मुलाचे पाय जमिनीला लागता कामा नयेत. मूल सतत कोणाच्या तरी मांडीवर, कडेवर, हातावर. एकशे पाचाव्या दिवशी विधी होतो, वाती लावतात, नाव ठेवतात आणि मग पाय टेकतात. शाळेच्या वेळापत्रकावर आयुष्य काढलेल्या सुदिआनीने मोठे आकडे मोजले.

चूक सासूच्या लक्षात आली. सासूला गाव मेन आर्ताना म्हणतं, सून मेमे म्हणते, म्हणजे आई, आणि ती सुनेला लुह म्हणते, म्हणजे पोरी. मेमे मे महिन्याच्या शेवटी विधीच्या नैवेद्यांची जुळवाजुळव करायला बसली, दिनदर्शिकेवर बोट फिरवत गेली आणि म्हणाली, "लुह, सतरा कुठून काढलीस? तीस जूनला आहे."

सुदिआनीने तीनदा मोजलं. तीसच होती. म्हणजे स्पर्धेच्या दिवशी मुलीला नाव नसणार, पाय टेकलेले नसणार, आणि तिला कोणीतरी सबंध दिवस उचलून धरणं भाग. मुलगी अंगावर पिणारी, म्हणजे घरी ठेवून जाता येणार नाही.

"झालं तर मग," मेमे म्हणाली. तिच्या बोलण्यात आनंद नव्हता, दुःखही नव्हतं. भात शिजला की झाकण ठेवतात तसं तिने ते म्हटलं.

सुदिआनीला त्या दिवशी खूप राग आला. दिनदर्शिकेचा आला, स्वतःचा आला, आणि सगळ्यात जास्त आला तो सगळ्यांच्या समजूतदारपणाचा. शाळेतल्या बाई म्हणाल्या की पुढच्या वर्षी वाजव. आईचा फोन आला, तीही म्हणाली पुढच्या वर्षी. पुढच्या वर्षी मुलगी धावायला लागेल, त्याच्या पुढच्या वर्षी दुसरं होईल, असं करत करत तिच्या माहेरच्या तीन मैत्रिणींनी नाच, विणकाम आणि नर्सिंगचा अभ्यास सोडला होता. कोणी सोडायला लावलं नव्हतं. फक्त पुढच्या वर्षी असं सगळे म्हणाले होते. मुलीवर तिचा जीव होता, वेडा जीव होता. तो दाखवण्यासाठी हात रिकामे ठेवले पाहिजेत हे मात्र तिला पटत नव्हतं.

रात्रीचं जेवण झाल्यावर तिने आर्तानाला सांगितलं की मी तालमीला जातेय, बाळ तू धरशील. त्याने मेमेकडे बघितलं, मग स्वतःच्या हातांकडे बघितलं. नखांत ग्रीस होतं.

"हात घासून येईन," तो म्हणाला.

पहिली तालीम फसली, आणि ती अशी फसली की बघणाऱ्यालाही कसंतरी झालं. संध्याकाळी बंजारच्या मंडपात बायका जमल्या. आर्ताना खांबाला टेकून झोळीत मुलगी घेऊन बसला. पाक रुदिता, म्हणजे ताफ्याला शिकवणारे म्हातारे गुरू, यांनी सुदिआनीला मादी केंदांग घ्यायला सांगितलं आणि युलीला तिचा जुना, नर. युलीने ढोल बदलला. सुरुवात चांगली झाली. हात विसरले नव्हते. पण चौथ्या आवर्तनाला मुलगी रडली, आणि सुदिआनीचा उजवा हात हवेत थांबला. तिने थांबवला नाही, तो थांबला. सव्वीस जणींचा ताफा दोन मात्रांत कोलमडला. मागच्या घंटेचा एक ठोका उशिरा आला आणि मंडपात तेवढाच घुमत राहिला.

पुष्पानी पुढे आली, तिने सुदिआनीच्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाली, यात तुझा दोष नाही, आईचा हात असाच असतो, देवाने असाच केलाय. बायकांनी माना हलवल्या. एकीने बाळाला घेऊन बघितलं, दुसरीने मागितलं, आणि तालीम बाळाभोवतीच संपली.

पाक रुदिता मात्र बाळाजवळ गेले नाहीत. ते केंदांगची दोरी ओढून बघत होते. सुदिआनी उठायला लागली तेव्हा ते हळू आवाजात बोलले. "कोण आई आहे, कोण नाही, याच्याशी मला काम नाही. सबंध तुकडा न थांबता जी वाजवेल तिच्या मांडीवर केंदांग. आठ दिवसांनी परत बघू."

घरी आल्यावर सुदिआनीने मुलीला पाजलं, झोपवलं आणि आर्तानाला म्हणाली, "उद्यापासून तुझं गॅरेज बंद झाल्यावर मी मागच्या ओट्यावर वाजवणार. ती रडली तर तू घे. मी उठणार नाही."

"भुकेने रडली तर?"

"वाजवायच्या आधी पाजीन. मग भूक नाही, ओली नाही, ताप नाही, तरी रडली तर ती नुसती हाक मारतेय. हाकेला बापानेही ओ द्यायला हरकत नाही."

पहिले दोन दिवस फार वाईट गेले. ओट्यावर केंदांग, आतल्या खोलीत रडणं, आणि मध्ये सुदिआनी, दात आवळून. घाम यायचा, दूध वाहायचं, अंगातला कबाया भिजायचा. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि हात चालू होते. आत आर्ताना मुलीला घेऊन या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालायचा आणि तिला स्कूटरच्या भागांची नावं गाण्यासारखी म्हणून दाखवायचा. क्लच, कार्बुरेटर, चेन, ब्रेक. पहिल्या दिवशी मुलीने पाऊण तास आकांत केला. दुसऱ्या दिवशी अर्धा. तिसऱ्या दिवशी ती कार्बुरेटरपर्यंत आली आणि झोपली.

गावात बोभाटा व्हायला किती वेळ लागतो? आमच्याकडे भिंती असतात, पण त्या फक्त कोंबड्यांसाठी असतात. शेजारणी म्हणाल्या की लेकरू आत टाहो फोडतंय आणि ही बाहेर ढोल बडवतेय, काळीज आहे का दगड. कॉफीच्या टपरीवर पुरुषांनी आर्तानाला गाठलं. झोळी त्याच्या छातीशी बांधलेली होती, तो मुलीला घेऊन साखर आणायला गेला होता. "काय मग, मेन बाळ," एक जण म्हणाला, "दूध उतरलं का?" सगळे हसले. आर्तानाने साखर घेतली. टपरीवाल्याला म्हणाला, "कार्बुरेटरात कचरा गेला की या लोकांच्या गाड्या माझ्याकडेच येतात ना?" आणि घरी आला. ही हकीकत त्याने सांगितली नाही. टपरीवाल्याच्या बायकोने सांगितली.

मेमे मात्र सगळं तोंडावर बोलली. ती नैवेद्याच्या पानांच्या वाट्या शिवत बसली होती. सुई न थांबवता म्हणाली, "बाईच्या मांडीवर एका वेळी एकच मावतं, लुह."

"म्हणून तर एक ब्लीच्या, तुमच्या लेकाच्या, मांडीवर दिलंय, मेमे."

"आम्ही मुलं वाढवली नाहीत का? माझी चार झाली. मी कधी म्हटलं मला हे वाजवायचंय, ते करायचंय?"

सुदिआनीने केंदांग बाजूला ठेवला. "नाही म्हटलं. कारण तुम्हाला कोणी विचारलं नाही. आणि मला कोणी विचारलं असतं, तर मी इतकी हट्टाला पेटले नसते." ती भीत भीत बोलली, पण बोलली. सासूला असं बोलायची आमच्याकडे रीत नाही. मेमेने वाटी शिवून पूर्ण केली आणि दुसरी घेतली.

आठ दिवसांनी परत मंडप. या वेळी मुलगी दुसऱ्याच आवर्तनाला रडली. आर्ताना तिला घेऊन मंडपाबाहेर गेला आणि फणसाखाली येरझाऱ्या घालू लागला. सुदिआनीने तिकडे बघितलं. बघितलं आणि हात चालूच ठेवले. रडणं तिच्या कानावर येत होतं, सगळं येत होतं, पण ती आता त्याच्या मागे धावत जात नव्हती. सोळा मिनिटांचा तुकडा. शेवटचा इशारा दिला, सव्वीस जणी एकदम थांबल्या, आणि त्या शांततेत बाहेरून 'क्लच, कार्बुरेटर' ऐकू आलं. सगळ्या जणी हसल्या. पाक रुदिता नाही हसले. त्यांनी पुष्पानीच्या हातातून स्पर्धेचा कागद घेतला आणि मादी केंदांगपुढे लिहिलेलं युलीचं नाव खोडलं.

युली एकोणीस वर्षांची. ती वाद्यांवर कापड टाकताना सुदिआनीजवळ आली आणि म्हणाली, "म्बोक, मला राग आलाय. खोटं नाही बोलणार. मला वाटलं होतं की हे वर्ष माझं."

"येऊ दे राग," सुदिआनी म्हणाली. "मी केंदांग सोडून दिला असता तर तुला कोणीतरी दया म्हणून दिलेला मिळाला असता. तुझा तू घे. पुढच्या वर्षी माझ्यापेक्षा चांगलं वाजवून घे."

आता राहिला प्रश्न मुलीला स्पर्धेच्या गावी नेण्याचा. बारा मैल, मध्ये नदी. पुष्पानीने नवा मुद्दा काढला की विधी झाल्याशिवाय मुलाला नदीपार नेत नाहीत, उगाच गावाला दोष लागायचा. आणि असं कोणी बोललं की बाकीच्यांना लगेच आठवतं की आपल्या आजीनेही असंच सांगितलं होतं. सुदिआनी सरळ देवळाच्या पुजाऱ्याकडे, जेरो मंगकूंकडे गेली. मेमेही बरोबर गेली, कारण सून एकटी जाऊन आपल्या सोयीचं ऐकून येईल अशी तिला शंका होती.

मंगकू अंगणात कोंबडीच्या पायाला दोरी बांधत होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "मुलगी जन्मली कुठे?"

"जिल्ह्याच्या रुग्णालयात."

"मग गावात कशी आली? उडत?" ते कोंबडीला म्हणावं तसं म्हणाले. नदी तर तिने दुसऱ्याच दिवशी ओलांडलीये, पुलावर फुलं वाहा आणि जा. देवळात न्यायची नाही. पाय जमिनीला लावायचे नाहीत. एवढंच आहे, बाकीचं लोकांनी मागाहून चिकटवलंय. कोणाच्या मांडीवर बसवायची ते कुठे सांगितलेलं नाही.

परतीच्या वाटेवर मेमे दहा पावलं पुढे चालत होती. वेशीशी आल्यावर ती वळून म्हणाली की स्पर्धेला मीही येणार. सुदिआनीला वाटलं मन वळलं. तसं काही नव्हतं. "तुझ्या नवऱ्याच्या हातून नट पडतात, बोल्ट पडतात," मेमे म्हणाली. "एवढ्या गर्दीत तो माझ्या नातीचे पाय सांभाळणार? तेव्हा सहाच दिवस उरलेले असतील. मी एकशे पाच दिवस फुकट घालवणार नाही."

व्यासपीठाच्या बाजूला ताफ्याबरोबर एकाच मदतनीसाला बसता येणार होतं, आणि त्याचं नाव आधी कळवायचं होतं. अर्ज सुदिआनी भरत होती. नाव लिहायच्या जागी पेन टेकवलं आणि तिच्या लक्षात आलं की सहा वर्षं एका चुलीवर जेवून आपल्याला सासूचं नाव माहीत नाही. तिला फार लाज वाटली. ती मेमेला विचारायला गेली.

"मेन आर्ताना लिही."

"ओळखपत्रावरचं लागतं, मेमे."

मेमेने हातातलं फडकं घडी करून ठेवलं. "नी न्योमान रेन्ती," ती म्हणाली. मग, बराच वेळ कोणाचं तरी सामान वापरून परत करताना बोलावं तसं, "माझी आई गेली त्यानंतर कोणी म्हटलं नाही." सुदिआनीने लिहिलं. मेमेने अर्ज हातात घेऊन लिहिलेलं वाचलं आणि परत दिला.

स्पर्धेच्या दिवशी वाद्यांच्या ट्रकवर आर्ताना, आणि मागच्या बसमध्ये बायका. मेमेच्या मांडीवर मुलगी, पाय दुपट्यात घट्ट गुंडाळलेले. पुलावर बस थांबवून फुलं वाहिली. सुदिआनीने व्यासपीठावर चढायच्या आधी तंबूत मुलीला पाजलं, दोन्ही बाजूंनी, पोट भरेपर्यंत. पाजून झाल्यावर स्वतःचे हात धुतले, केसांतली फुलं परत खोवली आणि मुलगी मेमेकडे दिली. द्यायला तिला एक क्षण जास्तच लागला.

निकाल संध्याकाळी लागला. आम्ही चौथे आलो, त्यात सांगण्यासारखं काही नाही. सांगण्यासारखं आहे ते त्याच्या आधीचं.

सुरुवातीला सगळं ठीक चाललं. सुदिआनीचा केंदांग बोलायचा, युलीचा उत्तर द्यायचा, आणि दोघींच्या रागलोभाचा त्यात मागमूस नव्हता. नववं मिनिट असेल. व्यासपीठाच्या कडेला मेमेच्या मांडीवर मुलगी जागी झाली. लाऊडस्पीकरचा दणका, अनोळखी माणसं, उजेड. ती रडली, आणि साधं रडली नाही, श्वास कोंडून निळी होईपर्यंत रडली. पुढच्या ओळीतल्या बायका आधी मुलीकडे आणि मग सुदिआनीकडे बघायला लागल्या. पुष्पानी पितळी पट्ट्यांमागे बसली होती, तिचा ठोका हलला. सुदिआनीला तो हललेला कळला. तिच्या छातीतून दूध आलं, कमरेच्या पट्ट्यापर्यंत ओल उतरली. हात हवेत थांबायची हीच जागा होती.

ती मेमेकडे बघू शकली असती. मेमे उठून मुलगी तिच्यासमोर आणून धरू शकली असती, त्याला कोणी नावं ठेवली नसती, उलट सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या असत्या. मेमेनेही तिच्याकडे बघितलं. मग ती उठली, मुलीला खांद्याशी घट्ट धरलं, आणि सुनेकडे पाठ करून व्यासपीठाच्या मागे चालायला लागली. या टोकापासून त्या टोकापर्यंत. तोंडाने काहीतरी पुटपुटत होती. सुदिआनीने हलका पडलेला ताल उचलला, पुष्पानीचा ठोका जागेवर आला, आणि ताफा पुढे निघाला. शेवटचा इशारा तिने इतका ठाम दिला की मागच्या घंटेवाल्या बाईने दचकून ठोका मारला.

खाली उतरल्यावर ती धावली. पळतच तंबूत गेली. मुलीला घेतलं, छातीशी लावलं, आणि मुलगी हुंदके देत देत प्यायला लागली. सुदिआनी मुलीचे पाय तपासत होती.

"लागले नाहीत," मेमे म्हणाली. "एकदाही नाही."

दुसऱ्या गावच्या बायका तंबूत डोकावत होत्या. त्यातल्या एकीने, वयस्कर, हातात नैवेद्याचं ताट, मेमेला विचारलं की मघाशी मादी केंदांग वाजवणारी ती हीच का. मेमे हो म्हणाली. बाईने कौतुकाने मान हलवली आणि बाळाकडे हात करून विचारलं, "मेन काय म्हणतात हिला? कोणाची आई?"

तंबूत युली होती, पुष्पानी होती, निम्मा ताफा होता. मेमेने दुपट्याचं टोक मुलीच्या पायांखाली नीट सारलं.

"बाळाला अजून नाव नाही," ती म्हणाली. "हिला आहे. सुदिआनी."